करुणाला हॉल मिळाला

या पोस्टखाली कुणी "आत्म्यास शांती लाभो" लिहिलं, तर मी सरळ block करीन.

आज करुणाला जाऊन वर्ष झालं.

करुणा माझी रूममेट. एम.एस्सी.ची, हुपरीची. नाव करुणा, पण जीभ तिखट.
मी पेठ वडगावची. दोघी बौद्ध. फरक एवढाच, की मी कुणी विचारलं तर सांगायचे आणि ती न विचारता सांगायची.

हॉस्टेलवर आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी तिनं एकेका दारावर थाप मारली होती.
"उठा की गं! वंदनेला येताय न्हवं?"

आपल्यातल्याच काही पोरींनी दार उघडलं नाही. रूममध्ये आडनाव सांगितलं नव्हतं ना त्यांनी.
त्याच पोरींनी आज तिचा फोटो status ला ठेवलाय. ठेवा. आता ती दार वाजवायला येणार नाही.

तिला फार काही नको होतं.
रविवारी वंदना. पौर्णिमेला खीर. पावसाळ्यातल्या वर्षावासात संध्याकाळी थोडं धम्मवाचन. आणि त्यासाठी चपला काढून, मांडी घालून बसता येईल अशी स्वच्छ जागा.

हॉस्टेलला हॉल होता. टेबल टेनिसचं टेबल सरकवलं की सगळं हॉस्टेल मावेल एवढा.

रेक्टर मॅडम म्हणाल्या, "धार्मिक कार्यक्रमाला हॉल देत नाही आपण."

"मग परवा तिथं सत्यनारायण झाला, तो काय practical हुता मॅडम?"

"ती हॉस्टेलची परंपरा आहे, करुणा."

त्यांची ती परंपरा आणि आमचं ते धार्मिक.

मग आम्ही पार्किंगमध्ये बसलो. स्कूटीच्या सीटवर पांढरी ओढणी, ओढणीवर बुद्धमूर्ती. वाऱ्यानं मेणबत्ती विझायची. पांढऱ्या कुर्त्यांना ऑईलचे डाग पडायचे, ते कशानंही निघायचे नाहीत.

पंचशील चालू असताना कुणीतरी चावी फिरवत यायचं. "झालं का तुमचं? गाडी काढायचीय."

मी म्हणायचे, "जाऊ दे करुणा, रूममध्येच करू."

"का? चोरी करतोय व्हय आपण?"

दोन्ही वर्षी तिनं हॉल मागितला. दोन्ही वर्षी तेच उत्तर.

आत्म्यावरून तर ती घरच्यांशीसुद्धा भांडायची. तिची आज्जी गेली, तेव्हा पावण्यारावळ्यात कुणीतरी आत्म्याला शांती मागितली. ही सगळ्यांसमोर उठून म्हणाली, "बुद्धानं आत्मा मानला न्हाई. आमच्या आज्जीला तसलं म्हणायचं न्हाई."
तिचे वडील, आप्पा, एस.टी.त ड्रायव्हर होते. भयंकर चिडले. "मड्याम्होरं भांडतीस व्हय गं?"
बापलेक कितीतरी दिवस बोलत नव्हते. हे मला तिनंच हसत हसत सांगितलं होतं.

मग डेंग्यू झाला. साधा ताप म्हणून अंगावर काढला तिनं. ICU च्या काचेतून मी तिला शेवटचं बघितलं.

आणि हॉस्टेलनं शोकसभा ठेवली.
कुठं?
हॉलमध्ये.

न मागता मिळाला. टेबल टेनिसचं टेबल सरकवलं, सतरंज्या घातल्या, माईकसुद्धा लावला. तिच्या फोटोला हार, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. फोटोवरचं कुंकू मी ओढणीनं पुसलं. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

मॅडम बोलल्या. करुणा म्हणजे हॉस्टेलचं भूषण वगैरे. शेवटी म्हणाल्या, "ईश्वर तिच्या आत्म्यास चिरशांती देवो."

पुढच्या रांगेतले आप्पा उठून उभे राहिले.

"मॅडम, तसलं म्हणू नगासा. माझ्या पोरीला चालत न्हवतं."

एवढंच बोलले आणि हात जोडले. मग त्यांनीच त्रिशरण सुरू केलं. आवाज फुटत होता, पण थांबले नाहीत. आम्ही मागून म्हणत गेलो. दार न उघडणाऱ्या पोरीही म्हणत होत्या, त्यांना सगळं पाठ होतं. मॅडम हात जोडून उभ्या. त्या हॉलमध्ये आमची पहिली वंदना झाली, ती करुणाच्या फोटोसमोर.

संपल्यावर आप्पा सगळा हॉल बघत राहिले. भिंती, पंखे, खिडक्या.
मग मला म्हणाले, "झ्याक हाय की गं जागा. हितंच बसायचासा न्हवं तुम्ही? फोनवर सांगितलंवतं तिनं मला. आप्पा, हॉल मिळाला म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. बापाला वाईट वाटू नये म्हणून ती खोटं बोलली होती. एवढी भांडखोर पोरगी.

मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "हो हो, हॉल मुलींचाच आहे."

माझं डोकंच फिरलं.
"न्हाई आप्पा. पार्किंगमध्ये बसायचो आम्ही. हा हॉल कधीच दिला नाही."

आप्पा माझ्या कुर्त्यावरच्या ऑईलच्या डागांकडं बघत राहिले.

निघताना मॅडम म्हणाल्या, "काही लागलं तर हक्कानं सांगा."

"आता काय लागतंय, मॅडम," आप्पा म्हणाले. "लागत हुता तवा दिला न्हाईसा."

पुढच्या रविवारी हॉलला कुलूप होतं.

आजही होतं. मी मुद्दाम जाऊन बघितलं. तुझं वर्षाचं पुण्यानुमोदन पार्किंगमध्येच केलं, करुणा. आप्पा आले होते, हुपरीहून, पांढऱ्या शर्टात. त्या ऑईलमध्येच मांडी घालून बसले. एकीनं गाडी काढायची म्हणून चावी वाजवली, तर तुझ्यासारखेच ओरडले, "थांब की जरा! वंदना चालू हाय!"

जयभीम, करुणा.