पेंटरकाकांचा बायोडाटा

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी झालो तो शेजारच्या पेंटरकाकांमुळे, आणि हे उपकार ते मला कधी विसरू देत नसत. महाड ते पोलादपूर रस्त्यावर आपल्याएवढा चित्रकार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या रस्त्यावर दुसरा चित्रकारच नसल्यामुळे ते खोडायचीही सोय नव्हती. त्यांनी वाघ काढला तरी तो हरभऱ्यावर जगणारा वाटे. अक्षर मात्र असं, की काही घ्यायचं नसलेल्या माणसानंही पाटी वाचायला थांबावं. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी माझ्या नावाची पाटी रंगवून आमच्या दारावर ठोकली आणि नावापुढे वीतभर जागा मोकळी सोडली. "ही कशाला रे?" वडिलांनी विचारलं. "तिथं बी.ए. यायचं हाय." येणारे-जाणारे हसायचे. कॉलेजची सगळी वर्षं मी त्या मोकळ्या जागेच्या धाकानं अभ्यास केला.

पुढे काकांच्या गुडघ्यांना शिडी झेपेना. त्याच सुमारास पोलादपूरकडच्या एका शाळेला चित्रकला शिक्षक हवा होता. ही नोकरी हुकली तर ब्रश कायमचा खाली ठेवावा लागणार होता. बायोडाटा लिहायला मी बसलो. 'प्रदर्शने' म्हटल्यावर ते म्हणाले, "लिव, महाड ते पोलादपूर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. बारमाही." 'पुरस्कार' म्हणून सव गावच्या एका पूजेत मिळालेला नारळ सांगितला. 'शिक्षण' म्हटल्यावर मात्र त्यांना एकदम खोकला आला.

मुलाखतीला कामाचे नमुने आणायचे होते. काकांनी बाजारातल्या सात दुकानांच्या पाट्या उतरवल्या आणि एसटीच्या टपावर बांधल्या. हॉटेलवाले चाचा धावत आले, "पेंटर, माझं हाटेल कुठं नेतोस रे?"

"नोकरीला!"

हेडमास्तरांनी पाट्या मनापासून वाखाणल्या. म्हणाले, "पण ड्रॉइंगची सरकारी परीक्षा झाल्याशिवाय मला घेता येणार नाही. पुढच्या जूनपर्यंत थांबतो." काका भडकले. "नववीच्या पोरांत बसून मी सुरई काढू?" पाट्या परत टांगल्या, आणि ब्रश धुऊन माळ्यावर टाकला.

मी तोवर अलिबागला कारकून म्हणून रुजू झालो होतो. तिथून त्यांना पत्र टाकलं:

"ती. स्व. पेंटरकाकांस शि. सा. नमस्कार. परीक्षेचा फॉर्म भरून सोबत पाठवला आहे, सही तेवढी करा. बायोडाटाही नव्याने टाइप केला आहे. प्रदर्शने, नारळ, सगळं तुमच्या मनासारखं ठेवलं आहे. 'शिक्षण'पुढे मात्र वीतभर जागा मोकळी सोडली आहे. येणारे-जाणारे हसतील. हसू द्या."