एका गोळीत दोन औषधं

बेगम बाजारात दुकानदाराने सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात एकदाच मान्य केला, आणि तेव्हा मी चक्कर येऊन पडायच्या बेतात होतो.

त्या काळात देशात नवनवा माल येत होता आणि जो तो ‘टू-इन-वन’! रेडिओत टेप, शाम्पूत कंडिशनर. त्यातच मला ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या लागल्या. (का, ते विचारू नका. मी शून्यातून दुकान उभं केलंय. शांत माणसाचं ते काम नव्हे!) सकाळची घेतली की रात्रीची राहायची. माझी बायको सुमन मागे लागून लागून रडवेली व्हायची. तिचे वडील असेच गोळ्या चुकवता चुकवता गेले होते.

शेवटी मी हिमायतनगरच्या डॉक्टरांना गाठलं. “दोन नकोत. एकीत जमवा.”

“जमवू की! आता दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात.”

इतक्या पटकन कबूल? मला तिथेच संशय आला. घासाघीस न करता जो मान्य करतो, त्याच्या मालात खोट असते. दोन औषधं एकीत कोंबली, म्हणजे दोन्ही मापात मारलेली असणार! मी सुमनच्या हातून नवी गोळी मुकाट्याने घ्यायचो आणि भरपाई म्हणून जुन्या दोन्हीही गुपचूप गिळायचो.

काही दिवसांनी बेगम बाजारात स्टीलचं पिंप घ्यायला गेलो. ओळखीच्या शेठजींनी भाव सांगितला. माझ्याभोवती दुकान गरगरत होतं.

“ठीक है,” मी म्हणालो.

शेठजींचा चेहरा उतरला. “क्या हुआ साब? एक बार नक्को तो बोलो!”

“ठीक है. दे दो.”

“अरे पानी लाओ! भाभी को फोन लगाओ!”

सुमन बरकतपुऱ्याहून धावत आली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. डॉक्टरांकडे पोचलो, तर प्रेशर पार तळाला! खिशातून जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या आणि डॉक्टर माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडले. सुमन ओरडली नाही.

“अहो, भाव माझ्याशी करा हवा तेवढा,” ती हळूच म्हणाली. “गोळीशी नका करू.”

घर येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मी रिक्षावाल्याशीसुद्धा भांडलो नाही.

आता रोज एकच गोळी, तिच्या हातून. पण धंद्याच्या नुकसानीचं काय? मी बाजारात आवाज चढवला की शेठजी आनंदाने हात जोडतात, “शुकर है, साब ठीक हैं!” लगेच फोन करून सुमनला कळवतात.

आणि भाव? एक पैसा कमी करत नाहीत!