खिडकी उघडी ठेवायला सांगणाऱ्या मंगलताई

मंगलताई वाघमारे साठ वर्षांच्या झाल्या, यावर त्यांच्याकडे बघून विश्वास बसत नाही; त्यांचं बोलणं ऐकलं की मात्र लगेच बसतो. त्यांची माझी पहिली ओळख महापालिकेच्या दवाखान्यात झाली. कंपनीत पत्र्यानं हात कापला म्हणून मी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेलो होतो आणि ‘मी अधिकारी आहे’ असं सांगून पुढं सरकू पाहत होतो. सिस्टर वर न बघता म्हणाल्या, “साहेब, रांगेचं शेवटचं टोक दाराबाहेर आहे.” पुढं त्या चिंचवडला आमच्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायला आल्या आणि सोसायटीचा सचिव म्हणून मी जरा सावधच झालो.

करोनाच्या साथीत दवाखान्याची ड्यूटी संपवून ताई आमच्या मागच्या पत्र्याच्या चाळीत फिरत. तिथं चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणारी कुटुंबं राहतात. त्यांतले परभणीकडचे दत्ता घरीच आजारी होते. इस्पितळात खाट मिळत नव्हती आणि ऑक्सिजन रोज थोडा थोडा उतरत होता. खोली एक, खिडकी एक, आणि तीही बंद. ताई रोज रागवायच्या, “हवा खेळू द्या, किती वेळा सांगू?” एका दुपारी दत्तांच्या पत्नी सविताताई रडकुंडीला आल्या.

“सिस्टर, उघडीच ठिवली व्हती. पर लाइट गेली की तुमच्या बिल्डिंगीचं जनरेटर चालू व्हतं, अन् समदा धूर आत येतो. यांनी श्वास घ्यावा तरी कुठला?”

ताई तशाच आमच्याकडं आल्या. पार्किंगमध्ये अंतर राखून बैठक भरली. “आठवडाभर मी त्या बाईंना उगाच रागावले. त्यांची माफी मागून आले. आता आपलं बघू,” त्या म्हणाल्या. धुराचा पाइप चाळीकडं कुणी वळवला, असं त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून वहीत हजेरी लिहू लागलो. ताईंनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि विषय पुढं नेला.

जनरेटर बंद करायचा म्हटल्यावर सगळ्यांना लिफ्ट आठवली. ताईंचे गुडघे दुखतात हे सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं? “सातव्या मजल्यापर्यंत मी चढेन. मग कुणाची अडचण आहे?” मी पहिल्या मजल्यावरचा; लगेच होकाराचा हात वर केला. जनरेटर बंद झाला, खिडकी उघडली. ताईंची फेरी रोज चालूच होती. दत्ता हळूहळू सावरले.

छतावर सौर पॅनेल आणि लिफ्टसाठी बॅटऱ्या बसेपर्यंत ताई, वीज गेली की, जिने चढत राहिल्या. शिवाय त्यांची एक अट होती: वीज नसताना चाळीतल्या दम्याच्या पेशंटना त्याच बॅटऱ्यांवर वाफेचं यंत्र लावायला सोसायटीचा हॉल उघडा ठेवायचा. “धूर त्यांना आणि ऊन आपल्याला, हे बरं दिसत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

हा लेख लिहिण्याआधी मी चाळीत जाऊन आलो. माझ्या गॅलरीत धूर येतो म्हणून तो पाइप मीच वळवून घेतला होता. धीर करून सविताताईंना ते सांगितलं.

“ठावं हाय काका. तुमी मिस्तरीला पाइप इकडं वळवाया हातानं दावताना आमी बगितलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो की, तुमच्या वॉचमनपाशी. पर आमचं कोण ऐकतंय? सिस्टरनी ऐकलं.”

मंगलताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि पुन्हा कधी अशी बैठक भरलीच, तर त्यांनी खुशाल माझं नाव घ्यावं.