टोपाचा आवाज
बुरशी धरलेल्या तांदळाचा वास आला की मला भिवंडीतली ती शाळा आठवते, जिथे मी मुलांची खिचडी शिजवायचे. त्या पावसाळ्यात खाडीचं पाणी गल्ल्यांत शिरलं, कापडाचे लूम बंद पडले, आयाबापांची मजुरी थांबली आणि शाळेलाही सुट्टी लागली. पाणी ओसरल्यावर मी गाळाने भरलेला टोप अंगणात घासायला घेतला आणि चिकटलेला गाळ सुटावा म्हणून त्याच्या कडेवर खिचडी वाढायचा डाव आपटला. एरवी लूमच्या खडखडाटात टोप असाच जोरात वाजवून मी मुलांना जेवायला बोलवायचे; त्या दिवशी इतकं शांत होतं की आवाज पार शेवटच्या चाळीपर्यंत गेला. मुलं ताटल्या घेऊन धावत आली आणि चिखलातच नेहमीसारखी रांगेत बसली. मी हेडसरांकडे गेले. "सर, तांदळाच्या गोणी फळीवर हायत, पाणी लागलं न्हाय. खोलीची किल्ली द्या." ते खाली बघत म्हणाले, "बाई, शाळा बंद म्हणजे खिचडी बंद. वरून आदेश आल्याशिवाय मी काय करू?" परत येऊन मी मुलांना घरी जा म्हटलं, तर एक पोरगी म्हणाली, "चाची, देर है तो हम बैठते हैं ना." आदेश आला तो शाळा उघडल्यावर, आणि तोवर भिंतीच्या ओलीने सगळा तांदूळ नासला होता. आता माझ्या घरात दोनच माणसं आहेत, तरी भांडी घासताना मी आवाज होऊ देत नाही.