पाचशे नव्वद की पाचशे एक्क्याण्णव

आमच्या तालुक्याच्या गावची नगरपालिका दगडी आणि बसकी. निजामाच्या राज्यात तिथं जकातीचा नाका होता. पुढं ओटा, ओट्याला नऊ पायऱ्या, समोर चहाचं हॉटेल. मंगळवारचा बाजार थेट पहिल्या पायरीला येऊन टेकायचा.

पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती. कारभार मराठीत आला होता, पण जुन्या जन्मनोंदी उर्दूतच होत्या. त्या वाचायला ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे एक म्हातारे अर्जनवीस होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. दिवस आणि महिना ते इंग्रजीत करून सांगत, साल मात्र होतं तसं, निजामाच्या दप्तरातलं फसली. कारकून त्यात पाचशे नव्वद मिळवून इंग्रजी साल लिही.

मला औरंगाबादच्या एका कचेरीत नोकरीसाठी अर्ज करायचा होता. वयाची अट पंचविसाच्या आत. मी चोवीस वर्षं चार महिन्यांचा. नगरपालिकेच्या जन्मदाखल्यात पंचवीस वर्षं चार महिन्यांचा निघालो. मुदतीला तीन दिवस उरले होते.

"साहेब, एक वर्ष जास्त लागलंय."

"सगळ्यांना पाचशे नव्वदच मिळवतो मी," कारकून म्हणाला. "तुमच्यासाठी वेगळं गणित कुठून आणू?"

मी ओट्यावर आलो. "चाचा, फसली साल बदलायचं कधी?"

"ऑक्टोबरात. क्यों मियाँ?"

माझा जन्म एप्रिलचा. जानेवारीत इंग्रजी साल पुढं जातं, फसली तिथंच राहतं. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरला पाचशे नव्वद बरोबर, पुढच्या नऊ महिन्यांना पाचशे एक्क्याण्णव हवेत. बारांतल्या नऊ महिन्यांची माणसं नगरपालिकेनं वर्षानं म्हातारी करून ठेवली होती.

चाचांना घेऊन मी आत गेलो. कारकुनानं महिने कागदावर मांडले, दोनदा मोजले, मग चाचांकडं पाहिलं.

"इतकी वर्षं बोलला नाहीत तुम्ही?"

"मी वाचायचं काम करतो. जोड तुम्हारी थी."

कारकुनानं नवा दाखला लिहिला, मुख्याधिकाऱ्यांची सही आणली आणि माझ्या हातात देताना आवाज खाली आणला.

"बाजारात बोलू नका. आज मंगळवार आहे."

"नाय बोलत," मी म्हणालो. "पण धाकट्या भावाचा दाखला तुम्हीच दिलाय. तो मार्चमधला."

त्यानं दौतीचं झाकण पुन्हा काढलं.