नाताळच्या झाडावरची रॉकेटं

अकोल्याच्या फलाटावर मला सोडायला बाबा सरकी काढायच्या जिनातून थेट आले होते. सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले. माय घरीच थांबली होती. स्टेशनवर रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ते तिच्यानं झालं नसतं. धाकटी बहीण कुसुम माझ्या ट्रंकेवर बसून होती. शिटी झाली तेव्हा बाबा खिडकीपाशी आले आणि एवढंच म्हणाले, "तिथं कोनाच्या म्होरं वाकू नको, बाई. आपन वाकनं सोडलं हाय."

एकसष्ट साल होतं. मी चोवीस वर्षांची, अमरावतीला नर्सिंग शिकलेली, इंग्लंडच्या हॉस्पिटलात कामाला निघालेली. त्याच्या पाच वर्षं आधी बाबा नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आले होते आणि आल्या आल्या त्यांनी घरातले देव मोर्णा नदीत सोडले होते. माय काठावर उभी राहून पाहत होती. बाबांनी तेव्हापासून कुठल्याच मूर्तीला हात जोडले नाहीत. हे सांगताना त्यांचा आवाज चढत नसे, पण ताठ होई.

लीड्सला पहिला डिसेंबर आला आणि वॉर्डात झाड उभं राहिलं. मेट्रननं सगळ्या नर्सना कामाला लावलं. पेटीतून पऱ्या निघाल्या, घंटा निघाल्या, आणि मग एक काचेचं रॉकेट निघालं. वीतभर, लाल-चंदेरी, शेपटाशी तीन पंख. मी ते हातात घेऊन तशीच उभी राहिले. अमरावतीच्या हॉस्टेलात मी वाचनालयातली मासिकं आणून मंगळावर जाणाऱ्या माणसांच्या गोष्टी वाचायचे. खोलीतली मैत्रीण म्हणायची, "शांते, तुले अमरावतीतच करमत नाही, मंगळावर जाऊन काय करशीन?" तिचं खरं होतं. अमरावतीत असताना मला अकोला आठवे, आणि अकोल्याला गेले की दुसऱ्या दिवशी पाय अमरावतीकडे वळत.

पुढच्या शनिवारी बाजारात जाऊन मी तसलंच एक रॉकेट घेतलं. पुढल्या वर्षी उडती तबकडी मिळाली, वर निळी टोपी असलेली. मग शिरस्त्राण घातलेला अंतराळवीर, मग काटेकाटे आलेला उपग्रह. एक हिरवा माणूस होता, डोक्यावर दोन शिंगांसारख्या तारा; तो एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडला आणि त्याच्यासाठी मी शिफ्टला उशिरा पोचले. कडं असलेला शनी सगळ्यांत नाजूक. चार वर्षांत मी अकरा खोल्या बदलल्या. लँडलेडी वाईट होत्या असं नाही. दोन-चार महिने झाले की भिंती ओळखीच्या होत, आणि मग मला तिथं बसवत नसे. दर वेळी आधी ती काच भरायची, हॉस्पिटलच्या कापसात गुंडाळून; कपडे नंतर.

चौथ्या हिवाळ्यात मी खोलीत एक लहानसं झाड आणलं, सगळं त्यावर टांगलं, आणि फोटो काढून घरी पाठवला. मला वाटलं होतं, कुसुमला गंमत वाटेल.

बाबांचं कार्ड दर महिन्याला यायचं, ते बंद झालं. मग कुसुमचं पत्र आलं. वस्तीत सगळे म्हणत होते की शांता ख्रिस्ती झाली. कुसुमसाठी अमरावतीचं स्थळ आलं होतं, ते लोक हो म्हणता म्हणता थांबले होते. शेवटी तिनं बाबांचा निरोप जसाच्या तसा लिहिला होता: "आमी नदीत सोडलं, अन् तू झाडाले टांगून राहिली काय?"

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा फाडलं. झाड दिसतं तसं नाही, हे कागदावर कसं सांगायचं? शेवटी साठलेली सगळी रजा काढली आणि त्या काचेची पेटी मांडीवर घेऊन घरी आले.

जेवण झाल्यावर मी बाबांसमोर चटईवर पेटी उघडली. त्यांनी आधी कापूस उचलला, अंगठ्यानं चोळून पाहिला. "आखूड धाग्याचा हाय," म्हणाले. मग एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली.

"याच्यात देव कोनता?"

"एकही नाही, बाबा. हे रॉकेट. ही उडती तबकडी. हा परग्रहावरचा माणूस."

"असा मानूस असते?"

"कोणी पाहिला नाही. गोष्टीतला आहे."

"मंग तू काहून जमा करतं?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मला सारखं वाटतं, अजून कुठंतरी जायचं राहिलंय."

त्यांनी हिरवा माणूस उचलून तळहातावर घेतला. "म्हंजे तुले तिथंबी करमून नाही राहिलं," म्हणाले.

एवढ्या वर्षांत प्रत्येक पत्रात मी मजेत असल्याचं लिहीत आले होते. मला तिथं रडू आलं. बाबांनी हिरवा माणूस परत कापसात ठेवला, नीट, चारही बाजूंनी दाबून.

रविवारी त्यांनी अमरावतीच्या लोकांना बोलावून घेतलं. मुलाचे वडील शाळामास्तर होते. चहा यायच्या आधीच बाबांनी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. "गुरुजी, माह्या पोरीनं झाडाले काय टांगलं ते पाहून घ्या. मंग सोयरीक करा, नाहीतं नका करू." आत कुसुम दाराआड उभी होती, तिचा हात माझ्या हातात होता. गुरुजींनी चष्मा लावला, शनी उचलला, फिरवून पाहिला.

"हा मी फळ्यावर काढतो," ते म्हणाले, "पन पोरं म्हनतात, गुरुजी, टोपी काहून काढली?"

पहिल्यांदा बाबा हसले. गुरुजींनी तो शनी शाळेसाठी मागितला, मी दिला. लग्न ठरलं. मी मात्र त्याला नव्हते. रजा संपली होती. खरं सांगायचं तर तिसऱ्याच आठवड्यात मी रेल्वेचं वेळापत्रक चाळत होते. माय म्हणाली, "काहून व, पाहुन्यावानी बसली?" मी वेळापत्रक मिटून ठेवलं.

लीड्सला परतून चार वर्षं झाली, आणि यंदा माणूस चंद्रावर उतरला. वॉर्डातल्या टेलिव्हिजनसमोर आम्ही पेशंटांच्या खाटा ओढून आणल्या होत्या. आता डिसेंबरात प्रत्येक दुकानात रॉकेटं लटकताहेत, आणि मी एकही घेतलं नाही. हातात घ्यावंसंच वाटेना.

मागच्या आठवड्यात बाबांचं कार्ड आलं. अक्षर हललं आहे. "मानूस चंद्रावर गेला होता म्हनून गुरुजी समजावून सांगत होते. तिथं हवा नाही, पानी नाही. तरी गेले, अन् वापस आले. तू कवा येतं?"

माझ्यासारखे जे निघून आले त्यांना कळेल, जे मागे राहिले त्यांना कदाचित राग येईल, पण अकोल्यात मला आता चार आठवडे राहवत नाही आणि इथं चार महिने. मात्र मला कुठंच करमत नाही, हे ज्याला सांगावं लागत नाही असा एक माणूस अकोल्यात आहे. घर म्हणून माझ्यापाशी एवढंच उरलं आहे. तो पासष्टीला आला आहे, आणि जिनातल्या धुळीनं त्याची छाती भरली आहे. छातीचे आजार मी रोज पाहते.

सकाळी मेट्रनकडून रजेचा अर्ज आणला. नाव लिहिलं, कारण लिहिलं, निघायची तारीख लिहिली. कामावर परत हजर व्हायच्या तारखेचा रकाना मी कोरा ठेवला. मेट्रननं अर्ज हातात घेतला, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तिथं गेल्यावर कळवते."