कुंकवाच्या पुडीवरच्या काळ्या रेघा

देवळाली प्रवराला माझा छापखाना आहे. वडिलांचा दंडक होता, मंगलकार्याला काळी शाई लावायची नाही. काळी फक्त दशक्रियेच्या पत्रिकेला. मीही तो डोळे झाकून पाळत आलो. म्हणून बचत गटाच्या बायकांनी कुंकवाच्या पुड्यांची पाकिटं छापायला दिली, तेव्हा बारकोडच्या रेघाही मी लालच छापल्या. मोबाईल धरून पाहिला, नंबर लगेच आला. मी स्वतःवरच खूश!

माल नगरच्या गोडाउनला गेला आणि दुपारी एकला गटाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला.

"भाऊ, हितलं मशीन एक बी पुडी वाचंना. चारपर्यंत वाचली न्हाई तर माल माघारी, आन पुढची ऑर्डर बी बंद म्हनत्यात."

मी गोडाउनच्या माणसाला फोन द्यायला सांगितलं. त्यांची ही पहिलीच मोठी ऑर्डर. गोडाउनचा माणूस फोनवर वैतागला, "अहो, आमच्या स्कॅनरचा उजेड लाल, तुमच्या रेघा लाल. त्याला सगळं कोरंच दिसतंय. काळ्या छापा!" एवढी वर्षं शाईत हात घालून बसलो आणि एवढी अक्कल नव्हती.

पांढऱ्या स्टिकरवर काळ्या रेघा छापल्या. शेजारच्या मेडिकलवाल्याचा स्कॅनर मागून आणला, तर तो गप्पच. अति घाई संकटात नेई. मी स्टिकर रेघांना अगदी चिकटून कापले होते. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडून पुन्हा छापले, तेव्हा कुठे वाचले. मोटारसायकल दामटत नगर गाठलं तेव्हा तीन वाजून गेले होते. बाई आणि गटातल्या चौघीजणी गेटजवळ खोकी उघडून बसल्या होत्या.

स्टिकर देताना माझा हात अडखळलाच. "ताई, कुंकवावर काळं... बायका घेतील ना?"

"माझा मालक जाऊन नऊ वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "हे कुंकू मीच करते. बायका लावत्यातच की. मग काळ्या रेघंनं काय हुतंय? द्या हिकडं."

चाराला पाच मिनिटं कमी असताना शेवटचं खोकं आत गेलं. बायकांनी हसत चहा मागवला. मी माझा कप तसाच खाली ठेवला. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं, तेव्हा कुंकू द्यायला अध्यक्षबाई दारापर्यंत आल्या होत्या. आत या, असं आमच्यापैकी कुणीच म्हणालं नव्हतं.